बाटलीचा सत्कार

कळस गावच्या सोनबाची लेक सुकन्या बारामतीच्या एका कॉलेजात संशोधन करायची. म्हणजे नेमकं काय करायची, हे कॉलेजातही कुणाला ठाऊक नव्हतं. मेंढीच्या कातडीतून काढलेल्या पेशी ती काचेच्या ताटलीत जगवायची. पेशीला वाढायचा निरोप बाहेरून यावा लागतो. तो आतल्या आत हातोहात गाभ्यापर्यंत पोचला की एकीच्या दोन होतात. हा निरोप, म्हणजे प्रथिनाचा एवढासा तुकडा, आता कृत्रिम बनत होता आणि परदेशातून बर्फात बसून येत होता. सुकन्याचा सगळा प्रबंध त्याच्यावर टेकलेला, आणि शिष्यवृत्तीची दोनच वर्षं उरलेली.

शहाण्णवच्या एप्रिलात त्या प्रथिनाची पहिली बाटली आली. विभागप्रमुख शितोळे सरांनी पेशी शेवटच्या पाहिल्या त्या पुस्तकातल्या चित्रात. सत्काराचा वास मात्र त्यांना कोसावरून यायचा. त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना बोलावलं, मांडव घातला. बाटली उजेडात धरली तर आत काहीच दिसेना. भुकटी म्हणजे तळाला चिकटलेला पांढुरका पापुद्रा. रिकामी बाटली अध्यक्षांच्या हातात द्यायची कशी? सरांनी माठातलं पाणी घेतलं आणि ती गळ्यापर्यंत भरली.

सुकन्यानं पाहिलं तेव्हा बाटली हळदकुंकू लावून व्यासपीठावर बसली होती. पाणी पडल्यावर हे थंडीतच ठेवावं लागतं, नाहीतर नासतं, असं तिनं सरांच्या कानाशी जाऊन सांगितलं.

"अध्यक्ष निघालेत," सर म्हणाले.

अध्यक्ष सुपे गावात एका लग्नात जेवत होते.

पहिल्या रांगेत सोनबा कोरा फेटा बांधून बसला होता. शेजारच्याला सांगत होता, "माझ्या लेकीची बाटली हाय ती." बाटली उचलून चालू लागणं सुकन्याला अवघड नव्हतं. तिनं त्या फेट्याकडे पाहिलं आणि गप खाली बसली. मांडवाच्या फटीतून ऊन सरकत बाटलीवर आलं. दुपार कलल्यावर अध्यक्ष आले. नारळ फुटला. या औषधानं तालुक्यातल्या पोरांची उंची वाढेल, असं त्यांनी जाहीर केलं. सगळ्यात जोरात टाळ्या सोनबानं वाजवल्या.

ते पाणी गाळून तिनं पेशींना दिलं. पेशी निपचित. थोडी वाढ दिसली असं लिहून टाका, सर म्हणाले. तिनं लिहिलं नाही. त्या वर्षी वाढलं ते फक्त सरांचं वजन.

दुसरी बाटली पुढच्या उन्हाळ्यात आली, शेवटची. सुकन्यानं ती स्वतः उतरवून घेतली, कोरडीच गोठणपेटीत दडवली, तसल्याच रिकाम्या बाटलीत माठातलं पाणी भरलं आणि सरांपुढे ठेवली. सरांना तिचा समजूतदारपणा फार आवडला. पुन्हा मांडव, पुन्हा नारळ, पुन्हा पोरांची उंची, पुन्हा सोनबाच्या टाळ्या.

आठवड्याभरात ताटलीतल्या पेशी दाटून आल्या. मुहूर्त चांगला लागला, असं सर सगळ्यांना सांगत सुटले. सत्काराची बाटली त्यांनी काचेच्या कपाटात ठेवली, झेंडूच्या हारासकट.

ती सुट्टीत घरी आल्यावर सोनबानं विचारलं, "त्या बाटलीत व्हतं तरी काय, पोरी?"

"पाणी, आबा. माठातलं."

सोनबानं मळलेली तंबाखू दाढेला धरली.

"मग मी टाळ्या कशाला वाजवल्या?"

"साऱ्यांनीच वाजवल्या," ती म्हणाली.