देवयानीचा फोटो

ठाकुर्लीला आमच्या मागच्या अंगणातून आकाश कधी काळंभोर दिसलंच नाही. रेल्वेचं पॉवर हाऊस जवळ होतं. तिथले दिवे रात्रभर जळायचे आणि चिमणीच्या धुरावर त्यांचा उजेड पसरला की ती बाजू ताकासारखी पांढुरकी व्हायची. माझे बाबा त्याच पॉवर हाऊसात नोकरीला होते. आकाशाचं वेडही त्यांनाच. आई यावरून चिडवायची तेव्हा ते म्हणायचे, "दिवे मीच लावतो, आता तक्रार कुणाकडे नेऊ?"

तरी दर दिवाळीच्या सुमारास ते देवयानी तारकासमूहातला एक फिकट डाग शोधून काढायचे. पॉवर हाऊसच्या बाजूला हात आडवा धरायचे आणि मला सांगायचे, "आपल्यासारखीच दुसरी आकाशगंगा आहे ती. सरळ नको बघू, जरा बाजूला बघ, म्हणजे दिसेल." मला कधी दिसायची, कधी मी नुसतंच हो म्हणायचे.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी बाबांना ती दिसेना. धूर वाढला असेल, म्हणाले. मग ते उंबऱ्याला अडखळू लागले, समोर ठेवलेला तांब्या लाथाडू लागले. मुंबईच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती, आणि उरलेली किती टिकेल हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. दिवस मावळला की बाबांना काहीच दिसायचं नाही. दिवसा उन्हात बसून भिंग धरलं तर मधलं तेवढं वाचता यायचं. घरी आल्या आल्या ते म्हणाले, "फोटो काढायचा. आकाशातली नाही तर नाही, कागदावरची तरी बघून घेईन."

दुर्बीण त्यांच्याकडे होती. तिच्या पाठीवर त्यांनी जुना काचेच्या प्लेटचा कॅमेरा पट्ट्यांनी आवळून बसवला. आकाश सरकतं तसं हे सगळं सरकवायला एक लांब स्क्रू होता, तो हाताने फिरवायचा. दुर्बिणीत दोन केस आडवे-उभे ताणले होते. जिथे ते एकमेकांना छेदत, तिथे एक तारा धरून ठेवायचा, तासभर. हे काम माझं, कारण बाबांना तारा दिसत नव्हता. सराव करताना ते शेजारी स्टुलावर बसून माझा श्वास ऐकायचे. माझा हात चुकला की त्यांना कळायचं.

आम्ही सुरुवात करणार तेवढ्यात शेजारचा दिवा लागला.

कुंपणापलीकडे एका आगरी म्हातारीचं घर होतं. तिला आम्ही सगळे आजी म्हणायचो. तिच्या परसातली वांगी-भेंडी आमच्याकडे यायची, बाबा तिची कागदपत्रं वाचून द्यायचे. बाबांच्या डोळ्यांचं कानावर आलं आणि ती कुणाला न विचारता गावदेवीला नवस बोलली: बाबांचे डोळे बरे होईपर्यंत अंगणात रोज रात्रभर दिवा. एरवी तेलाचा लावला असता. पण तिच्या घरात नुकतीच वीज आली होती, आणि डोळ्यांसाठी लावायचा तर मोठाच हवा! आकाशकंदिलासारखा उंच बांबू उभारून तिने त्यावर सगळ्यात मोठा बल्ब चढवला, उघडाच. आमच्या अंगणातली तुळससुद्धा सावली पाडू लागली. आजी कुंपणाशी येऊन हसत म्हणाली, "उजेर परतो ना गो तुमचे अंगनान?"

आईने तिथल्या तिथे हात जोडले. मला मात्र रडू आणि संताप एकदमच आला. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही सांगा ना तिला. तासभर बंद कर म्हणावं, नुसतं तासभर."

"माझ्या डोळ्यांसाठी लावलेला दिवा विझवा, असं कुठल्या तोंडाने सांगू गं?"

मग आई रोज घोंगडी दोन्ही हातांनी उंच धरून कॅमेऱ्याआड उभी राहायची. हात भरून यायचे, घोंगडी खाली यायची, ती पुन्हा उचलायची. मोरीत लाल कागद लावलेल्या कंदिलाजवळ मी प्लेट धुवायचे, आणि दर वेळी तेच, काच त्या दिव्याच्या उजेडाने काठापासून काठापर्यंत काळवंडलेली. बाबा सकाळी ती उन्हात धरून भिंगातून बघायचे. बराच वेळ बघायचे. "हवा साफ नव्हती," म्हणायचे.

एकदा मी त्यांना न सांगता आजीकडे गेले. आज बोलायचंच, असं ठरवून गेले होते. ती बल्बखाली जमिनीवर बसली होती. मला बघताच तिने माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "तुजे बाबांचे डोल्यांना फरक हाय का गो?" तिने नवसापायी रात्रीचं जेवणही सोडलं होतं, हे मला तेव्हा कळलं. "आहे थोडा," मी म्हटलं आणि घरी आले. वाटेत स्वतःची इतकी चीड आली की फाटक आपटून तोडलंच असतं. पण चिडून तरी करणार काय होते? वाईट कुणीच वागत नव्हतं.

पावसाळ्यात आकाश बंदच. तो संपेपर्यंत बाबांची दिवसाची नजरही गेली. भिंग त्यांनी आपण होऊनच माझ्या हातात दिलं.

पुढच्या कार्तिकात एका संध्याकाळी आजीने स्वतःच बांबू उतरवला. बाबांपुढे येऊन बसली आणि लहान पोरीसारखी रडली. "देवीनं माजा आयकला नाय." बाबा चाचपडत तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या दिव्यात काही कमी नव्हतं, आजी."

ती घरी परतल्यावर अंगणात अंधार झाला. पॉवर हाऊस होतंच, पण डोक्यावरचं आकाश मोकळं झालं होतं. आई म्हणाली, "काढ आता." कशासाठी, असं तोंडावर आलं होतं. तरी मी दुर्बीण बाहेर काढली. बाबा स्टुलावर येऊन बसले.

प्लेट चांगली आली. मी कागदावर फोटो उतरवला. काळ्यावर पांढरा डाग, तिरपा, मधे दाट आणि कडांना विरत गेलेला, अगदी बाबा सांगायचे तसा. सकाळी मी तो त्यांच्या मांडीवर ठेवला, त्यांचं बोट धरून नेमकं त्या आकाशगंगेवर टेकवलं.

"इथे आहे, बाबा."

"केवढी?"

"तुमच्या नखाएवढी."

त्यांनी बोट हळूच फिरवलं. तिच्यावरून बाहेर, बाहेरून परत तिच्यावर. कितीतरी वेळ फिरवलं. मग म्हणाले, "सगळीकडे सारखंच लागतंय गं."