ओटी भरलेली स्पोर्ट्‌स कार

आमच्या घणसोली गावातली गल्ली आणि माझी स्पोर्ट्‌स कार यांचं एकमेकींशी पटत नव्हतं, एवढाच काय तो प्रश्न होता. गल्लीत शिरताना गाडीचे दोन्ही आरसे मिटावे लागत, श्वास मी आपणहून रोखत असे, आणि तरीही कोणाच्या तरी दोरीवरचा टॉवेल टपावर बसून आमच्या दारापर्यंत येई. गाडी लाल, बसकी आणि सेकंडहँड; पण सुरू केली की समोरच्या टॉवरमधल्या खिडक्या फटाफट उघडायच्या! (काही जण हात करायचे. काही जण जे करायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.) वडिलांच्या शेतावर आता भाड्याच्या खोल्या उभ्या आहेत. शेत नाही, बैल नाहीत. माणसाने जीव लावायचा तरी कशाला? मी गाडीला लावला.

अडचण अशी की गाडीत सीटा दोन आणि घरात माणसं तीन. लग्न असो, बारसं असो, डाव्या सीटवर आई बसायची, कारण तिचे गुडघे. (त्या बसक्या सीटवरून तिला उपसून काढायला अर्धा मांडव धावायचा, पण दुखायचे गुडघे बसमध्येच.) माझी बायको सुवर्णा मागून बसने यायची. एका साखरपुड्याला ती पोचली तेव्हा पंगती उठून भांडी घासायला गेली होती. त्या दिवशी घरी आल्यावर ती शांतपणे म्हणाली, "अहो, या घरात एक तर ती लाल राहील, नायतर मी. विचार करून सांगा."

मी खरंच विचार करायला बसलो. तिथेच चुकलं!

"विचार करावा लागतो तुम्हाला?" सुवर्णा कडाडली, आणि गाडी विकायचं ठरलं.

मी जाहिरात टाकली. फोटो असे काढले की गाडी आहे की माठ ते कळू नये. किंमत अशी लावली की वाचणाऱ्याला हसू यावं. तरीही रविवारी संध्याकाळी कामोठ्याहून जाधव हजर! मूळचे साताऱ्याकडचे, मार्केटात कांदा-बटाट्याचे व्यापारी, आणि देहाने गाडीच्या दाराला न मानवणारे. गाडीभोवती फेरी मारून म्हणाले, "लई देखणी हाय की वो! एक चक्कर मारून बघतो, पसंत पडली तर आजच व्यवहार."

ती पसंत न पडणारा माणूस मला तरी माहीत नव्हता.

तेवढ्यात आई पदर खोचून, ताट घेऊन बाहेर आली. नवी गाडी घरी आली की पूजा करतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. जाणाऱ्या गाडीचं काय करायचं, हे मात्र कोणी ठरवून ठेवलेलं नाही. ते आईने ठरवलं.

"लेक सासरी जाताना रिकामी धारतो का आपन? गारीची ओटी भरायची."

"आई, गाडी आहे ती!"

"मंग? तू तिला न्हाऊ घालतंस, पुसतंस, तिच्याशी बोलतंस. सुवर्णाशी तरी बोलतंस का यवरा?"

सुवर्णाने कुंकवाचा करंडा सासूच्या हातात दिला.

डाव्या सीटवर खण पसरला, त्यावर तांदूळ, हळकुंडं, केळी. नारळ काही केल्या त्या उतरत्या सीटवर बसेना. मग आईने तो थेट जाधवांच्या हातात दिला. "जावईबापू, सांभालून न्या माज्या पोरीला." आणि डोळ्यांना पदर लावला.

जाधव देवभोळे. दोन्ही हातांनी नारळ कपाळाला लावला. आता नारळ पायाशी ठेवता येत नाही, शेजारी ओटी. म्हणून त्यांनी तो मांडीवर घेतला. भरलेली ओटी हलवायची नाही असा आईचा हुकूम असल्यामुळे मला बसायला जागा नव्हती. जाधव एकटेच निघाले आणि मालक मागून चालत!

गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या वनिताच्या हळदीचा मांडव होता. नवऱ्याकडची उष्टी हळद यायची होती, तिच्याशिवाय मुलीला हळद लागत नाही, आणि पाहुण्यांचा पत्ता नव्हता. बेंजोवाले, वऱ्हाडी, बायका, सगळे रस्त्याकडे डोळे लावून ताटकळले होते. जाधव मात्र आले उलट्या बाजूने.

मांडवाअलीकडच्या स्पीडब्रेकरवर गाडी उडाली, मांडीवरचा नारळ उडाला आणि बरोब्बर ब्रेकच्या खाली जाऊन बसला.

"ब्रेक लागंना! आवो, ब्रेक लागंना!" जाधव ओरडले. गाडी ऑटोमॅटिक, ती आपली दमादमाने मांडवात शिरली आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या चळतीला टेकून थांबली.

मग एका मावशीला डाव्या सीटवरची ओटी दिसली.

"आली गो बाय, हलद आली! नवऱ्याचा मामा आला!"

बेंजो कडाडला! बायकांनी ओटी उचलून आत नेली, जाधवांना दारातून ओढून काढलं, चौरंगावर बसवलं आणि आपल्याकडची हळद कानामागपर्यंत चोपडली. "मी कामोठ्याचा! मी गाडी बघायला आलोय!" ते ओरडत होते. "बघा ना, मुलगी पन बघा," म्हणत मावशीने उरलेली वाटी त्यांच्या डोक्यावर पालथी केली.

"ती माज्या गारीची ओटी हाय!" म्हणत आई ओटीमागे मांडवात घुसली.

आणि नेमका तेव्हाच खऱ्या नवऱ्याकडचा टेंपो येऊन रस्त्यावर हॉर्न मारायला लागला. आता गाडी मागे घेतल्याशिवाय हळद आत येणार नव्हती. मी रुबाबात बसलो, पायाखालचा नारळ काढला, रिव्हर्स टाकला आणि मांडवाच्या बांबूला धडक दिली. कापड सुटून बेंजोवाल्यांवर पडलं. आतून बेंजो चालूच राहिला!

"उतरा खाली," सुवर्णा दाराशी उभी होती.

"तुला येते?"

"कोपरखैरण्याला क्लास लावला होता. भजनाला जाते सांगून. उतरा!"

ती बसली. आरसे मिटले. त्या चिंचोळ्या गल्लीतून, एकाही भिंतीला न शिवता, सरळ रेषेत तिने गाडी मागे मागे नेऊन आमच्या दारात उभी केली. बायकांनी टाळ्या पिटल्या, कोणी शिट्टीही मारली. सुवर्णाचा चेहरा असा फुलला होता की मला अगदी आमच्या लग्नातली ती आठवली. खरं सांगतो, मला भरून आलं.

"एवढी मजा असते यात? आणि तुम्ही एकटेच करत होता?" ती म्हणाली. "विकायची नाय!"

"ताई, मला तरी कुठं घ्यायचीय!" पिवळेधम्मक जाधव म्हणाले. "मी जेवून जातो."

जिंकलो! गाडी घरात राहिली, बायको घरात राहिली, वनिताला हळद लागली. पुढल्या सकाळी मी छाती काढून किल्ली मागितली.

"लायसन्स बघू," सुवर्णा म्हणाली.

दाखवलं. त्याची मुदत कधीच संपून गेली होती, इतकी की आता पहिल्यापासून टेस्ट द्यायची होती. म्हणून हल्ली मी तिच्याच क्लासला जातो. 'एल' लावलेली जुनाट पांढरी गाडी चालवतो, आणि सुवर्णा मला लाल गाडीतून सोडायला येते. काल भर सिग्नलवर मी गाडी बंद पाडली तेव्हा मास्तर समजुतीने म्हणाले, "टेन्शन नका घेऊ, काका. पण एक विचारू? तुमच्या त्या लाल गाडीवर आधी ड्रायव्हर कोण होता?"

मी म्हटलं, "होता एक. काढून टाकला."