धुमालच्या गाडीतली पुढची जागा

श्यामलालबद्दल मला फार थोडं माहीत होतं. तो सालेकशाकडचा, एवढं त्यानं सांगितलं होतं. गाव कोणतं, ते मी विचारलं नाही. घरी कोण कोण आहे, तेही नाही. मला लोकांना असलं विचारायला संकोच वाटतो. लिहायची सवयही नाही. तरी या चार ओळी लिहितो आहे, कारण म्हातारपणी माझे मित्र मला राहिले ते त्याच्यामुळे.

गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात केशोरावचा पानठेला आहे. संध्याकाळी आम्ही म्हातारे तिथल्या बाकड्यावर बसतो. बायको गेल्यापासून माझा दिवस त्या बाकड्याच्या आशेवरच सरतो. या सगळ्यांना धुमालचं वेड. मेटाडोरवर रचलेले मोठे भोंगे, बेंजो, कीबोर्ड, मागून ढोल-ताशे आणि त्यांच्यामागे नाचणारी वरात, असा तो प्रकार. कोणाच्या लग्नात कोणती पार्टी येणार, हे यांना नवरीच्या नावाआधी ठाऊक असतं. जागेश्वर तर गुडघ्याला पट्टा बांधून नाचतो.

मला धुमाल सहन होत नाही. छाती धडधडते, दुसऱ्या दिवसापर्यंत कान वाजतात. पण बोललो तर हे मला वरातीला नेणं बंद करतील आणि लग्नसराईत बाकडं तर रिकामंच असतं. म्हणून जायचो, आणि मागे मागे राहायचो.

मग माझ्या नातवाचं, हेमेंद्रचं, लग्न ठरलं. मुलगी फुलचूरची. धुमाल मित्रांनीच ठरवला, तोही सगळ्यात मोठा.

"आजा नाचला नाही तं वरात हालूच देत नाही," केशोरावनं बजावलं.

वरात निघाली आणि पहिल्याच ठोक्याला मला घाम फुटला. नातवाची वरात, परत कसं फिरणार? भोंग्यांपासून लांब जावं म्हणून मी गाडीच्या कडेनं पुढे गेलो. ड्रायव्हरच्या कानात कापूस होता. त्यानं माझा चेहरा पाहिला आणि दार उघडलं.

"बसा जी."

भोंग्यांची तोंडं मागे, नाचणाऱ्यांकडे होती. काच वर केल्यावर आवाज शेजारच्या घरातून यावा तसा येऊ लागला. त्यानं बोळ्यातला थोडा कापूस तोडून मला दिला.

"तुले नाही आवडत का?" मी विचारलं.

"रोज रोज कोनाले आवडल जी? मले बासरी आवडते. पन बासरीवर वरात कोन नेते?"

तोच श्यामलाल. मांडवापाशी मी खाली उतरलो, तर जागेश्वर धापा टाकत आला.

"पाहा बे, आपन पायी अन हा धुमालच्या गाडीत! बुढा भलता शौकीन निघाला."

धुमालच्या गाडीत बसायला मिळणं ही शौकिनांत मानाची गोष्ट. त्या दिवसापासून मी सगळ्यांत मोठा शौकीन ठरलो. मीही तो समज तसाच राहू दिला. श्यामलालची गाडी ज्या वरातीत असेल तिथे तो माझी जागा राखून ठेवायचा. आम्ही दोघं काचा लावून बसायचो, फारसं न बोलता.

पुढे गोंदियाला धुमालचा मुकाबला ठरला. मैदानात दोन पार्ट्या समोरासमोर वाजवणार. मित्रांनी मला अगदी पुढे उभं करायचं ठरवलं. श्यामलाल तेव्हा पान घ्यायला थांबला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पान तोंडात टाकलं आणि म्हणाला, "याहिले नका नेऊ जी. याहिले धुमाल चालत नाही."

मी चपलेकडे पाहत राहिलो. आता हे बाकडं सुटलं, असंच मला वाटलं.

"मंग इतके दिवस काऊन येऊन राहिला?" केशोरावनं विचारलं.

"तुमच्यासंग राहाले. अजून कायले?" मी म्हणालो.

जागेश्वरनं माझ्या पाठीत धपाटा घातला. "येडा आहे का बे तू? एकादशीले तू भजन म्हनते, ते मले कोनतं गोड लागते? तरी बसतोच ना टाळ घेऊन."

सगळे हसले. मीसुद्धा. मुकाबल्याला ते माझ्याशिवाय गेले, आणि दुसऱ्या संध्याकाळी बाकड्यावर मला सगळं रंगवून सांगितलं. ऐकायला मजा आली. तेव्हापासून वरात निघाली की केशोराव स्वतःच माझा हात धरून मला पुढच्या जागेवर बसवून देतो.

यंदा त्या गाडीवर दुसरा माणूस आला. श्यामलाल तापानं गेला, एवढंच तो सांगू शकला. मला त्याच्या घरी जायचं होतं, पण गाव माहीत नव्हतं.

आमची शेवटची भेट मागच्या कार्तिकातली. एका वरातीनंतर त्यानं मला घराच्या वळणावर सोडलं होतं. मी उतरलो, तेव्हा त्यानं काच खाली केली.

"धान कापून झाला का जी?"

"नाही ना. धानाच्या बांधीत ओल आहे अजून."

"मंग सुकू द्या. घाई नका करू."

"हो," मी म्हणालो. "जाय सावकाश."