शमशेर गुळव्याची बोटं

बेलापूरच्या शिवारात गुऱ्हाळं पेटली की आजूबाजूच्या गावांत पहिली चौकशी एकच व्हायची. "औंदा शमशेरभाई कुनाच्या काहिलीवर हाय?"

नाव शमशेर, पण अंगानं काटकुळा. दाढी बकरीसारखी, डोक्याला मळका रुमाल. माणसाची सगळी किंमत उजव्या हाताच्या दोन बोटांत. गाडीच्या चाकाहून रुंद अशा काहिलीत उसाचा रस उकळून उकळून घट्ट व्हायला लागला, की शमशेर पाण्याच्या तपेल्यात बोटं बुडवायचा आणि ती तशीच ओली त्या उकळत्या रसात घालून चिमूटभर उचलायचा. बघणारा दोन पावलं मागं सरायचा. हा मात्र डोळे मिटून उभा. बोटांना चटका किती बसतो, किती वेळ टिकतो, पेरावर थांबतो की वर मनगटाकडं सरकतो, एवढ्यावर त्याचं गणित. चटका मनगटाच्या शिरेला लागला की तो ओरडायचा, "उतरवा!" मग चौघं गडी काहिलीच्या कड्यांत दांडे घालून ती उचलायचे. गुळव्याचं तोंड उघडल्याबिगर दांड्याला कुणी हात लावायचा नाही, ही तिथली रीत. मालक असला तरी नाही. एक उकळी अलीकडं उतरवली तर ढेप बसत नाही, एक उकळी पलीकडं गेली तर गूळ काळा पडतो. शमशेरच्या बापानं ही विद्या त्याला बोटं धरूनच शिकवली होती, आणि गेली पंधरा वर्षं तो काकासाहेबांच्या गुऱ्हाळावर पाय रोवून होता.

एकाहत्तर सालच्या दिवाळीआधी मात्र घात झाला. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात, काहील उतरवताना, जमिनीवर सांडलेल्या मळीवरून एका गड्याचा पाय सरकला आणि दांड्याचं टोक शमशेरच्या बरगडीत बसलं. दोन बरगड्या चिरल्या. श्वास घेतला तरी सुरी फिरल्यासारखं व्हायचं. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी छाती पट्ट्यांनी आवळली आणि कोडीनच्या गोळ्यांची पुडी हातात दिली. बराच वेळ काहीबाही सांगितलं. शमशेरनं मान डोलावली आणि त्यातलं एकच वाक्य कानात ठेवलं, की गोळीनं दुखणं थांबेल.

कारण पाडवा चार दिवसांवर आला होता. पाडव्याला बेलापूरच्या पेठेत नव्या गुळाचा मुहूर्ताचा सौदा. ज्याची ढेप पहिली उचलली जाईल त्या गुळव्याच्या डोक्याला व्यापारी फेटा बांधायचे, आणि वर्षभर त्याच्या नावावर गूळ खपायचा. काकासाहेब गुऱ्हाळावर येऊन पायातल्या वहाणेनं माती उकरत म्हणाले होते, "शमशेरभाई, बरं नसंल तर तसं सांग. कोपरगावाकडचा एक गुळव्या मोकळा हाय म्हनं. पाडव्याची ढेप वाया गेली तर मला दुसरा मानूस बगावाच लागंल बाबा."

"कोपरगावाकडचा?" शमशेर उसळला आणि बरगडी धरून खाली बसला. "त्याला म्हनावं तितंच राहा. पाडव्याची ढेप माझीच."

आणि गोळी तर काय, जादू होती! अर्ध्या तासात बरगडी म्हणजे दुसऱ्याचीच झाली. शमशेर काहिलीभोवती नाचायला लागला. मात्र दुसऱ्या दिवसापासून अंगाला खाज सुटली. नाक खाजवून खाजवून लाल झालं.

"आवो, काय लावलंय हे?" मुबारकबीनं विचारलं. ही त्याची बायको. चुलवाणाच्या कडेला बसून रसावरची मळी काढायची. हातानं झारा आणि तोंडानं नवरा, दोन्ही एकदम चालवायची.

"उसाची कूस लागली. औंदाचा ऊस कुसळ्या हाय."

तिसऱ्या दिवशी तो उभ्या उभ्या पेंगायला लागला. चुलवाणात चिपाडं सारणारा बन्सी, चाळिशीचा गडी, मिशीतल्या मिशीत हसला. "उस्ताद, उभ्यानं घोरायची ही कला कुनाकडनं शिकला?"

"हंगामाची झोप हाय ती. तू जाळ बग."

तोंडाला कोरड पडली, तो म्हणाला चुलवाणाची धग आहे. जेवणाकडं बघून मळमळलं, तो म्हणाला गोड वासानं. आणि पोट? पोटानं तर गाठच मारली होती. तीन दिवस तो डबा घेऊन ओढ्याकाठी जायचा आणि तसाच भरल्या डब्यानं परत यायचा.

"गेलात तसंच आलात," मुबारकबी म्हणायची. "तितं काय भजन करायला बसता काय?"

"भुईमुगाच्या शेंगा लई खाल्ल्या."

प्रत्येक दुखण्याला गुऱ्हाळातलंच कारण. आजवर त्याला जे जे झालं होतं ते काहिलीपायी झालं होतं, तेव्हा हेही काहिलीपायीच. त्या एवढ्याशा पांढऱ्या गोळीचा संशय त्याला शिवलाही नाही.

पाडव्याच्या आदल्या सकाळी मुहूर्ताची काहील चढली. निवडक ऊस, नितळ रस. आज बरगडी मधेच ठणकायला नको म्हणून शमशेरनं एकाच्या जागी दोन गोळ्या गिळल्या. चरक गरगरत होता, बन्सी जाळ फुलवत होता, भेंडीच्या पाण्यानं मळी वर येत होती आणि मुबारकबी ती झाऱ्यानं ओढून काढत होती. फेस चढला, बसला, रस पिवळाधमक झाला. चौघं गडी दांडे घेऊन उभे राहिले.

शमशेरनं बोटं घातली. चटका पेरावरच. "थांबा."

परत घातली. पेरावरच. जरासा कोमट शेक, बस्स. "थांबा अजून."

"उस्ताद, बुडबुडा मोठा झालाय," बन्सी म्हणाला.

"गुळव्या तू का मी?"

तिसऱ्यांदा बोटं घातली आणि डोळे मिटले. मिटले ते मिटलेच. कुठं तरी लांब, मऊ कापसात गेल्यासारखं झालं. मुबारकबीची किंकाळी कानावर आली तेव्हा धूर नाकाशी आला होता. "आवो, करपलं! उतरवा म्हना! म्हना की!"

"उतरवा!"

काहील उतरली. निवायला वाफ्यात ओतलेला गूळ काळाकुट्ट. डांबर बरं. गडी एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. एकजण हळूच म्हणाला, "काकासाब येत्यात सांजच्याला." कोपरगावाकडचा गुळव्या सगळ्यांच्याच डोळ्यांपुढं उभा राहिला.

मुबारकबीनं मात्र नवऱ्याचा हात ओढून घेतला. दोन्ही बोटांवर बोराएवढे फोड! एक फुटून पाणी गळत होतं.

"हे कवा झालं?"

शमशेर स्वतःच्या बोटांकडं परक्यासारखा बघत राहिला. "मला… मला लागलंच न्हाई ग."

"एवढं भाजलं आन लागलं न्हाई? खरं सांगा, त्या डाक्टरनं काय काय सांगितलं हुतं?"

तेव्हा त्याला एकेक आठवायला लागलं, आणि आठवेल तसा तो खाली बसत गेला. "म्हनला, अफूच्या जातीची गोळी हाय. एका टायमाला एकच. झोप यील म्हनला. पोट धरंल, खाज सुटंल, मळमळंल. जाळाजवळ जाऊ नका म्हनला…"

"आन तुमी जाळात हात घालून बसलात!" तिनं कपाळावर हात मारला. "कूस म्हनं! शेंगा म्हनं!"

बन्सीला हसू आवरेना, पण शमशेरला रडू यायचं बाकी होतं. गोळीनं बरगडी गप्प केली होती, ते ठीक. पण तिला काय ठाऊक, कुठलं दुखणं मारायचं आणि कुठलं ठेवायचं? तिनं बोटांचा चटकाही मारला होता. आणि चटका गेला म्हणजे शमशेर गुळव्याच गेला.

"ऊस किती हाय?" मुबारकबीनं विचारलं.

"एका काहिलीपुरता," बन्सी म्हणाला.

"मग चढवा."

"चढवा म्हंजी? बोटं कुनाची घालू?" शमशेर ओरडला. "सांजवर ही गोळी अंगातनं जायची न्हाई!"

तिनं पदर खोचला. "माझी घाला. वीस वरसं तव्यावरची भाकरी ह्याच बोटांनी उलथतीया. चटका मला कळतोय. तुमी फकस्त सांगा, कुटवर आला म्हंजी काय."

गडी चपापले. पण वेळ कुणाला होता? चरक परत धडधडला, रस धो धो पडला, बन्सीनं चुलवाणात चिपाडांचा भारा सारला. शमशेरला पालथ्या बादलीवर बसवलं आणि एका गड्याच्या हाती पाण्याचा तांब्या दिला. डोळा मिटला की तोंडावर पाणी! तीनदा मारलं. चौथ्यांदा तो गार पाण्यानं शहारत ओरडला, "जागा हाय रं, आवाज ऐकतोय!" खरंच ऐकत होता. रस आधी खदखदतो, मग घट्ट होऊन फटफटतो. फटफट सुरू झाली तसा तो म्हणाला, "मुबारक, घाल."

तिनं बोटं बुडवली, घातली, उचलली. "पेरावर."

"किती टिकला?"

"फुंकर मारूस्तवर."

"अजून. बन्सी, जाळ कमी कर."

परत. "दुसऱ्या पेरावर. ओढ लागतीया, तार निघतीया."

"अजून."

तिच्या बोटांची लाली त्याला दिसत होती आणि तिचा ओठ दाताखाली होता. दांडेवाले श्वास धरून उभे. तिनं चौथ्यांदा बोटं घातली आणि खांद्यापर्यंत हलली. "मनगटाला आला! उतरवा म्हना!"

शमशेरनं काहिलीत पाहिलं. धुरात, पेंगुळल्या डोळ्यांना रस अजून पातळच दिसत होता. जन्मभराची सवय म्हणत होती, एक उकळी अजून. "जरा थांब…"

"थांब न्हाई! आत्ता!"

चौघांच्या नजरा त्याच्या तोंडावर. त्यानं आपल्या फोडांकडं पाहिलं. मग बायकोच्या लाल बोटांकडं. आणि सगळी ताकद लावून, बरगडीची पर्वा न करता ओरडला, "उतरवाऽ!"

दांडे कड्यांत गेले, काहील उठली, वाफ्यात सोन्याची धार पडली. सोन्याचीच! घाटून घाटून गूळ आळायला लागला तसा बन्सीनं आनंदानं शिमग्यातली बोंब ठोकली. मुबारकबी तपेल्यात बोटं बुडवून गारव्यानं हुश्श करत होती. गोळ्यांची पुडी तिनं नवऱ्याच्या खिशातून काढून आपल्या चंचीत टाकली. "हितनं म्होरं मी मोजून देनार. आन वाटीभर एरंडेल आजच."

पाडव्याला पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. व्यापाऱ्यांनी ढेपा फोडल्या, चाखल्या, टिचकी मारून आवाज ऐकला. काकासाहेबांच्या ढेपेचा तुकडा हातोहात फिरला आणि बुजुर्ग आडत्यानं तो उंच धरला. "ही उचला पयली! गुळव्या कोन?"

"आमचा शमशेरभाई!" काकासाहेब छाती फुगवून म्हणाले. करपलेल्या काहिलीचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. फेटा आला. लोकांनी वाट दिली. शमशेर पुढं झाला, आणि फेट्याचा पदर डोक्याला लागायच्या आत त्यानं आडत्याचा हात धरला.

"मालक, उतरवा म्हनलो मी. पन बोटं हिची." त्यानं गाडीजवळ उभ्या मुबारकबीकडं हात केला. "माजी बोटं गोळ्या खाऊन मुकी झाल्याती. पयली काहील मी करपवली काकासाब, ही तिनं राखली. आता ठिवायचं का न्हाई तुमी बगा."

काकासाहेबांनी शमशेरच्या फोडांकडं पाहिलं, मुबारकबीच्या सुजल्या बोटांकडं पाहिलं, आणि त्यांच्या पोटातून हसू उठलं. "कोपरगावचा एक गुळव्या आननार हुतो. हितं घरातच दोन निगालं! बरगडी जुळंस्तवर हिनं बोटं घालायची, त्यानं तोंड उघडायचं. ठरलं!"

"मग फेटा कुनाला बांदू?" आडत्या विचारात पडला.

"बाईमानसाला फेटा काय करायचा?" गर्दीतून कुणी म्हणालं. "लुगडं द्या!"

हशा उसळला. आडत्याचा दिवाणजी कापडाच्या दुकानाकडं निघाला. तेवढ्यात मुबारकबी गाडीच्या चाकाआडून ओरडली, "ओ दादा, गडद रंगाचं आना! काहिलीवर मळीचं डाग उडत्यात!"