प्रूफ गुरुजींनी पाहिलं होतं

गुरुजी लग्नपत्रिका खालून वर वाचत. आधी अगदी तळाचं ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’, मग कार्यालयाचा पत्ता, मग मुहूर्त, मग दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची नावं, आणि सगळ्यात शेवटी गणपतीचा श्लोक. वरून वाचलं की डोळे अर्थामागे धावतात आणि अक्षर बघतच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक ओळीवर बोट टेकवून ते ती उजवीकडून डावीकडे पुन्हा एकदा तपासत. समोर बसलेल्या वधूपित्याला चहा येई, तो गार होई, आणि गुरुजी अजून मुहूर्तापर्यंतच पोचलेले असत.

हैदराबादेतल्या एका मराठी शाळेत त्यांनी तीस वर्षं शिकवलं. शाळेत मुलं येईनाशी झाली, शाळा बंद पडली, आणि गुरुजी सुलतान बाजारामागच्या एका गल्लीतल्या दोन खोल्यांत पत्नीबरोबर, म्हणजे आमच्या काकूंबरोबर, राहू लागले. तेव्हापासून आमच्या भागातली एकही मराठी पत्रिका त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापली गेली नाही. पत्रिका छापणाऱ्या दुकानदाराला मराठी वाचता येत नसे. तो कच्च्या प्रतीवर फक्त गुरुजींची हिरवी सही शोधायचा. सही नसली तर कागद परत द्यायचा. “गुरुजी देखे क्या? देखे तो छाप देतूँ,” एवढंच म्हणायचा. या कामाचं गुरुजींनी कुणाकडून काही घेतलं नाही. लग्नाला बोलावलं तर जात, पहिल्या पंगतीला जेवत आणि लवकर घरी येत.

नावांच्या बाबतीत ते फार हळवे होते. एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं नाव आलं की बोट थांबे आणि ते आवाज खाली आणून विचारत, “हे आहेत ना?” ‘श्री.’ आणि ‘कै.’ यांतली चूक ही शुद्धलेखनाची चूक नव्हे, असं ते मानत. एकदा कोठी भागातल्या एका कापडवाल्यानं घर सोडून गेलेल्या थोरल्या मुलाचं नाव पत्रिकेतून गाळलं होतं. गुरुजींनी ते हिरव्या शाईत परत लिहिलं. कापडवाला चिडला, तो आता आमचा नाही म्हणाला. गुरुजी म्हणाले, “त्यानं घर सोडलं असेल. नाव कुठं सोडलंय?” कापडवाला तीच प्रत घेऊन छापायला गेला.

माझे वडील त्यांचे विद्यार्थी. ते अचानक गेले तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि धाकटी बहीण मेधा कॉलेजात होती. चार वर्षांनी तिचं लग्न ठरलं ते आईच्या पेन्शनवर आणि माझ्या पगारावर. काचीगुड्याचं स्थळ होतं, माणसं चांगली, काही मागितलं नव्हतं. तरी कार्यालय आणि जेवणावळ धरून हात इतका आखडला होता की पत्रिकेवर येऊन आम्ही अडलो. मी म्हणत होतो, छापायच्याच कशाला, फोनवर पाठवू, फुकटात होईल. आई म्हणत होती, कागदाशिवाय बोलावणं म्हणजे माणसाला दारातूनच हाक मारण्यासारखं. वाद मिटेना म्हणून ती मला गुरुजींकडे घेऊन गेली.

मला वाटलं होतं, गुरुजी कागदाच्या बाजूनं बोलतील. त्यांनी आईची सगळी अडचण ऐकून घेतली आणि म्हणाले, “देवाला आणि म्हाताऱ्यांना कागद. एक्कावन्न छापा, साध्या. बाकी सगळ्यांना फोनवर पाठवा, त्यात कमीपणा नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पण फोनवरची आधी मला दाखव. रविवारी ये. माझ्या फोनवर चित्र उघडत नाही, कागदावर काढून आण.”

मी रविवारी गेलो नाही. इंग्रजी शाळेत शिकलो, मराठी मला चाचपडतच वाचता येतं, तरी एवढ्या दहा ओळींना गुरुजी कशाला, असं वाटलं. शिवाय माझ्या नोकरीमुळे आम्ही राहत होतो त्या गच्चीबावलीहून सुलतान बाजार म्हणजे अख्खी दुपार गेली असती. फोनवरच्या एका तयार नमुन्यात मी नावं भरली. मुलाकडच्यांचं नाव आधी हवं म्हणून शेवटी दोन ओळींची अदलाबदल केली. नावं हलली, पण त्यांच्यापुढच्या चौकटीतली अक्षरं जागच्या जागी राहिली. मला ते दिसलं नाही. मी पत्रिका घरच्या सगळ्या ग्रुपांवर पाठवली, मुलाकडच्यांनाही पाठवली, त्यांनी न वाचताच कौतुकानं पुढे पाठवली.

अर्ध्या तासात नांदेडहून मुलाच्या घरी फोन आला. कुणीतरी रडत होतं आणि विचारत होतं, आजोबा कधी गेले, कळवलंसुद्धा नाही. मुलाचे आजोबा माधवराव महिन्यापूर्वीच दवाखान्यातून घरी आले होते, आणि पत्रिकेत त्यांच्या नावापुढे ‘कै.’ लागलं होतं. त्यांच्या वाट्याचं ‘श्री.’ माझ्या वडिलांच्या नावापुढे गेलं होतं. आईनं माझा फोन हातात घेतला आणि त्या ‘श्री.’कडे ती कितीतरी वेळ बघत राहिली.

मी पत्रिका काढून टाकली, पण ती तोवर कुठं कुठं पोचली होती. दुपारी मुलाच्या काकांचा फोन आला. मुलाच्या आईनं हा अपशकुन मनाला लावून घेतला आहे, आता मुहूर्त पुढे ढकलावा लागेल किंवा एकूणच विचार करावा लागेल, असं ते थंडपणे म्हणाले. मेधा आतल्या खोलीत जाऊन बसली. आईनं चपला घातल्या आणि एकटीच गुरुजींकडे गेली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला बोलावून घेतलं. रागावले नाहीत. रविवारी का आला नाहीस, हेही विचारलं नाही. आईकडून सगळा तपशील घेऊन त्यांनी पत्रिकेचा मजकूर स्वतःच्या हातानं लिहून ठेवला होता. दुकानात ते स्वतः बसून राहिले आणि एक्कावन्न साध्या पत्रिका छापून घेतल्या. पहिलीला हळदकुंकू लावलं, अक्षता ठेवल्या आणि मला रिक्षात बसवून ते काचीगुड्याला निघाले. वाटेत एकच वाक्य बोलले. “तिथं तू तोंड उघडायचं नाहीस.”

मुलाकडचे सगळे दिवाणखान्यात बसले होते. माधवराव खिडकीजवळच्या खुर्चीत, अंगावर शाल घेऊन. गुरुजी वयानं त्यांच्याहून लहान. त्यांनी पत्रिका माधवरावांच्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “प्रूफ मी पाहिलं होतं. या मुलानं माझ्याकडे आणलं, मी हो म्हटलं, म्हणून त्यानं पाठवलं. माझी नजर आता राहिली नाही. चूक माझी आहे.”

त्या घरातल्या कितीतरी लग्नांच्या पत्रिका गुरुजींनी तपासल्या होत्या. मुलाचे काका माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघू लागले. माधवरावांनी पत्रिका वरून खाली सावकाश वाचली, आपलं नाव पाहिलं आणि म्हणाले, “जिवंतपणी मरणाची बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. वाढू दे. मुहूर्त आहे तोच ठेवा.” मुलाच्या आईनं डोळे पुसले आणि ती चहा करायला उठली. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे मी तोंड उघडलं नाही. त्या क्षणी मला फक्त सुटल्यासारखं वाटलं, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

लग्न लागलं. पंगतीत मुलाकडचे एक पाहुणे मोठ्यानं म्हणाले की गुरुजींचं आता वय झालं, जिवंत माणसाला मारून टाकलं त्यांनी. सगळे हसले. मी जिलबी वाढत होतो, मीही हसलो. गुरुजी चार पानं पलीकडे जेवत होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या वर्षी चुलतभावाची पत्रिका छापायला मी त्याच दुकानात गेलो. दुकानदारानं हिरवी सही मागितली नाही. “अब काहे की सही? गुरुजी की नजर चली गई बोलते,” असं म्हणून त्यानं कागद घेतला. तिथं खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोललो नाही. गुरुजींच्या गल्लीवरून जाणंही मी टाळू लागलो. आई मात्र दर संक्रांतीला तिळगूळ द्यायला जात असे. परत आली की, बरे आहेत, एवढंच सांगे.

गेल्या भाद्रपदात गुरुजी गेले. तेराव्यानंतर मी काकूंकडे गेलो. त्या एकट्याच होत्या. मी सगळं सांगितलं, रविवारपासून.

“मला ठाऊक होतं रे,” त्या म्हणाल्या. “तू रविवारी येणार म्हणून त्यांनी दुपारची झोप टाळली होती. दिवे लागेपर्यंत वाट बघितली. न पाहिलेल्याला पाहिलं म्हणाले, तेवढं एकच खोटं मला माहितीये त्यांचं.”

मी म्हणालो, आता तरी सगळ्यांना सांगतो, माधवरावांच्या घरी जाऊन सांगतो.

“आता कुणाला सांगतोस?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. “तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे माणसं सुरू व्हायची. मेधाच्या लग्नानंतरच्या वर्षी ते रोज सकाळी आंघोळ करून पेन घेऊन बाहेर बसले. संक्रांतीपर्यंत बसले. मग एक दिवस पेन आत आणून ठेवलं.” त्यांनी दिव्याची वात वळायला घेतली. “तुला खरं सांगायची गरजच नव्हती कुणाला. त्यांनीच तर ते झाकलं होतं. नुसता येऊन बसला असतास घटकाभर, तरी चाललं असतं.”

संध्याकाळ झाली होती. देवापुढे दिवा लावायचा होता आणि मी वाटेत बसलो होतो. काकूंनी मला जरा सरकून बसायला सांगितलं.