पहिल्या रांगेतला प्रॉम्प्टर

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सिंगापुरातल्या मराठी हौशी रंगभूमीवरचं सगळ्यात लांब स्वगत एका शनिवारी संध्याकाळी, चालू प्रयोगात, भरल्या सभागृहातून बेपत्ता झालं. वर्ण पांढऱ्यावर काळा, बांधा भरदार, लांबी चार पानं. मी त्याचा लेखक, म्हणजे नात्याने बापच. तपास लागलेला आहे. ज्याने ते पळवलं तो इसम माझ्याच घरी मुक्कामाला होता, आणि त्याच्यावर मला काहीही कारवाई करता येत नाही, कारण ते माझे सासरे आहेत.

मी चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या संगणकांची काळजी घेतो, पण इथल्या मराठी मंडळींत माझी ख्याती निराळी आहे. फुकटात काय काय मिळतं हे मला माहीत असतं. कुणाच्या लॅपटॉपवरच्या ऑफिसची वर्गणी संपली की मी जाऊन मोफतचं ऑफिस बसवून येतो. कुणाला तीन पीडीएफ एकत्र जोडायच्या असतात. एका वहिनींना फोटोत नवऱ्यामागे आलेला कचऱ्याचा डबा काढून हवा होता. पहिल्या खेपेला नवरा गेला आणि डबा राहिला, तर तो फोटो बघून वहिनी म्हणाल्या, तोही ठेवा. या सगळ्याचे मी पैसे घेत नाही. फक्त जाताना एक छोटं भाषण देतो, की ही सॉफ्टवेअरं कुणीतरी आपल्या संध्याकाळी खर्चून बनवलेली असतात आणि जगाला वाटून टाकलेली असतात. बायकोच्या मते ते छोटं नसतं.

तर इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमासाठी मी एक एकांकिका लिहिली. परदेशात राहणाऱ्या मुलाकडे आई पहिल्यांदाच येते, आणि त्याने तिला फोनवर मारलेल्या थापा एकेक करून उघड्या पडतात, आणि शेवटी तो चार पानी स्वगतात तिला सगळं खरं सांगतो, अशी गोष्ट. सगळा कारभार माझ्या तत्त्वाला धरून. पोस्टर एका मोफत वेबसाइटवर केलं. दाराच्या बेलचा आवाज एका मोफत ध्वनिसंग्रहातून उतरवला. त्या बेलच्या मागे कुठेतरी एक परका कुत्रा भुंकत होता आणि तो मला पुसता आला नाही, म्हणून शेजाऱ्यांना नाटकात एक कुत्रा देऊन टाकला.

नाटकाची बातमी नाशिकला पोचली आणि बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तिकीट काढलं. मुलीला भेटायला येतोय, असं कारण दिलं. बॅगेत लाडवांच्या डब्याखाली एक छोटी बॅटरी निघाली, तेव्हा खरं कारण कळलं. ती त्यांची प्रॉम्प्टिंगची बॅटरी. नोकरी विजेच्या कार्यालयात, पण संध्याकाळी कॉलनीच्या नाटकांत त्यांनी उभा जन्म विंगेत काढला. नटाच्या अर्धं वाक्य पुढे राहायचं, ओठ हलवायचे नाहीत, आणि आवाज नटाला पोचला पाहिजे पण पहिल्या रांगेला नाही, ही त्यांची शिस्त. मानधन म्हणून पडद्याआधी एक चहा आणि मध्यंतरात एक. तोही नायिकेच्या आधी प्रॉम्प्टरला. पुढे कॉलनीतले नट मुलाबाळांकडे पांगले आणि विंग सुटली. त्यांना अजून एकदा, एवढा एक प्रयोग, विंगेतून पार पाडायचा होता. तसं ते बोलले नाहीत. बॅटरीत नवे सेल मात्र घालून आले होते.

तालमी बुकित तिमाहला एकाच्या काँडोच्या, म्हणजे सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये व्हायच्या. आमचा नायक पाया लेबार भागात एका कंपनीत हिशेबनीस. कराची कलमं झोपेत विचारली तरी सांगेल; माझं एक वाक्य त्याला दोन दिवस आठवत नसे. तो बाबांवर बेहद्द खूश होता. "काका, तुम्ही आहात म्हटल्यावर मी पाठ कशाला करू?"

"नकाच करू," बाबा म्हणायचे. "ते स्वगत तर अजिबात नको."

"का, स्वगताचं काय?" मी विचारलं.

"चांगलं आहे हो, जावईबापू. पण ते चालू असताना प्रेक्षक घरी जाऊन, जेवून परत येईल."

मी एक शब्द कापला नाही. एका शब्दाची भर घातली.

प्रयोगाच्या आठवड्यात आम्ही कम्युनिटी क्लबचं सभागृह बघायला गेलो. रंगमंचाच्या उजवीकडे सरळ भिंत होती. डावीकडे पडदा, आणि पडद्यामागे विंग असावी तशी हातभर जागा. बाबा त्या जागेत जाऊन उभे राहिले, पुस्तक धरल्यासारखा हात धरला आणि प्रसन्न हसले. तेवढ्यात हॉलचे चिनी केअरटेकर धावत आले. "अंकल, हिअर कॅनॉट स्टँड, लाह. फायर एक्झिट."

"काय म्हणतो हा?"

"बाबा, आग लागली तर पळायची वाट आहे. तिथे उभं राहता येत नाही."

"आग लागली तर मीही पळेनच की."

पण नियम म्हणजे नियम. बाबांनी बॅटरी खिशात ठेवली.

आता विंग नाही, प्रॉम्प्टर नाही आणि नायकाला वाक्यं येत नाहीत. मी माझ्या नेहमीच्या दाराशी गेलो, आणि ते उघडलं. एक मोफत वेबसाइट सापडली. तिच्यात सगळी संहिता घालायची. ती माइकमधून संवाद ऐकते, बोलणारा कुठल्या ओळीवर आहे हे ओळखते आणि पुढच्या ओळी पडद्यावर सरकवते. मराठीसुद्धा समजते. प्रेक्षकांच्या पाठीमागे मोठा टीव्ही लावायचा. नटाने समोर बघायचं आणि वाचायचं. घरी करून बघितलं, चोख चाललं. नायक नाचायचाच बाकी होता.

बाबांनी चष्मा वर करून ते सगळं बघितलं. "हे फुकट आहे?"

"हो बाबा, एकदम."

"मग झकास," असं म्हणून ते बाल्कनीत मैना बघायला गेले.

"माझ्या बाबांना तू एका वेबसाइटसाठी काढून टाकलंस," बायको म्हणाली.

"टाकलं कुठे? पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची दिली आहे त्यांना."

दिली होतीच. आणि त्या खुर्चीच्या समोर, रंगमंचाच्या कडेला, मी स्वतःच्या हाताने माइक चिकटवला होता.

पडदा उघडला. मी सगळ्यात मागे, टीव्हीखाली लॅपटॉप घेऊन, शेजारी बायको. सुरुवात छान झाली. मग बघतो तर टीव्हीच्या पडद्यावरच्या ओळी नायकाच्या पुढे धावायला लागलेल्या. तो एक वाक्य म्हणतोय तोवर ते वर सरकून पुढचं हजर. तो बिचारा धापा टाकत मागे धावतोय. बेल वाजायच्या आत आई घरात आली. बेल नंतर वाजली आणि कुत्रा तिसऱ्याच वाक्यावर भुंकला. लोकांना वाटलं, असंच बसवलंय, आणि ते जोरात हसले. मी लॅपटॉपची दिसेल ती कळ दाबत होतो. शेवटी ओळी इतक्या पुढे गेल्या की नायक थांबला. टीव्हीकडे टक लावून गप्प उभा.

त्या शांततेत पहिल्या रांगेतून एक पुटपुट ऐकू आली. राहून गेलेलं वाक्य. पडद्यावरची अक्षरं लगोलग मागे येऊन त्या वाक्यावर थांबली. नायकाच्या जिवात जीव आला.

बाबा खुर्चीत हळूच मागे वळले आणि टीव्हीकडे बघितलं. मग तोंड पुढे करून अजून काहीतरी पुटपुटले, आणि पुन्हा वळून बघितलं. अक्षरं सरकली होती. म्हणजे इतका वेळ सवयीने, अर्धं वाक्य पुढे राहून, ते प्रॉम्प्टिंग करत होते, आणि यंत्र नायकाला सोडून त्यांचंच ऐकत होतं. अख्ख्या सभागृहाच्या डोक्यांवरून त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली. मला तिचा अर्थ लागला नाही. बायकोला लागला.

"गेलं तुझं स्वगत," ती म्हणाली.

त्यानंतरचा प्रयोग असा रंगला की सांगता सोय नाही. हशा पिकला की पडद्यावर पुढची ओळ येतच नसे. हशा पुरता ओसरला की अलगद येई. आईचं काम करणाऱ्या बाईंनी अश्रू पुसायला पदर घेतला, तर अक्षरं त्यांच्यासाठी थांबली. नायक इतका शांत, इतका भारदस्त मी तालमीत कधी बघितला नव्हता. आणि मग दिवे निळे झाले. तो रंगमंचाच्या कडेशी आला, त्याने आईचा हात हातात घेतला आणि स्वगताचं पहिलं वाक्य म्हटलं. "आई, तुला खरं सांगू?"

मी डोळे मिटून घेतले. पहिल्या रांगेत पुटपुट झाली. डोळे उघडले तेव्हा माझी चारही पानं पडद्यावरून भर्रकन वर निघून गेली होती आणि खाली स्वगताचं शेवटचं वाक्य तेवढं उरलं होतं. नायकाने ते निष्ठेने वाचलं.

"चल, चहा टाकतो."

मग टाळ्या पडल्या, आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या वहिनी, तोही ठेवा म्हणणाऱ्याच, नाक ओढून म्हणाल्या, "बघा, काही न बोलता किती बोलला." मीही टाळ्या वाजवल्या. बायको माझ्याकडे बघून इतकी हसत होती की तिला लॅपटॉपचा आधार घ्यावा लागला.

प्रयोग संपल्यावर नायकाने माइक घेतला. आभार मानता मानता त्याला राहवेना आणि त्याने मागच्या टीव्हीकडे बोट केलं. "आता गुपित सांगतो. मला एक शब्दही पाठ नव्हता. हे एक सॉफ्टवेअर आहे. हशा ओळखतं, दम खाऊ देतं, जास्तीचं गाळून टाकतं. आणि कमाल म्हणजे, मंडळी, संपूर्ण फुकट."

माना मागे वळल्या, लोक टीव्हीसाठी टाळ्या वाजवायला लागले, आणि ज्यांचा आवाज विंगेतून आजवर पहिल्या रांगेलाही कधी ऐकू गेला नव्हता ते माझे सासरे शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात बोलून गेले, "फुकट कसलं, मला अजून चहा मिळालेला नाही."