आबांच्या पेटीतला आयसी

दमून आलेल्या माणसानं सोल्डरिंगला हात लावू नये, असं माझं मत आहे. सत्तरच्या दशकात मी पिंपरीकडच्या एका कारखान्यात मीटर तपासायचो. संध्याकाळी लोकलनं बेगडेवाडीला उतरून घराकडे चालत आलो की दारातच आईचा ओरडा ऐकू यायचा. भांडण नव्हे, "अवो, चा घेतला का?" एवढंच. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याहून खालच्या आवाजातलं काही ऐकू येत नसे. जन्मभर लोखंडावर हातोडा मारून कान गेले होते.

म्हणून मी त्यांना एक पेटी करून दिली होती. एका टोकाला माइक, दुसऱ्या टोकाला हेडफोन, मधे आवाज हजारपट करणारा सातशे नऊ नंबरचा आयसी, म्हणजे नखाएवढी चिप. पेटी होती तोवर घरात शांतता होती. मग एकदा आबा हेडफोन कानालाच ठेवून गोठ्याकडे निघाले, वायर ताणली, शॉर्ट झाली आणि आयसी जळाला. तो मुळातच नाजूक, शॉर्ट सोसायचा नाही.

आईचा ओरडा पुन्हा सुरू झाला. घसा आधीच धरलेला. मला म्हणाली, "आता न्हाई व्हत माज्यानं. पेटी चालू कर, न्हाईतर मी ह्यांच्याशी बोलायचंच सोडते." ती चेष्टेनं बोलत नव्हती.

पुण्यात सातशे नऊ कुठंच मिळेना. दुकानदार म्हणाला, "सातशे एक्केचाळीस न्या. त्याच जागी बसतो, शॉर्ट झाला तरी जळत नाही." रविवारी जुन्या आयसीला लागणारे कपॅसिटर काढून टाकले, नवा बसवला आणि माइकपुढं म्हटलं, "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन."

"येतंय की. झ्याक," आबा म्हणाले. मी जेवून आडवा झालो.

आई हळू बोलायला लागली आणि आबा सगळ्यालाच व्हय म्हणायला लागले. भाकरी वाढू? व्हय. पोट दुखतंय का? व्हय. म्हैस इकायची का? व्हय. आधी आई हसली. मग म्हणाली, "ह्यांना माजं ऐकायचंच न्हाई." तिनं माइक फळीवर पालथा ठेवला आणि बोलणं बंद केलं. मला आबांचाच राग आला. एवढं करूनही हे असं!

पुढच्या रविवारी बाजाराला वडगावला गेलो होतो. तिथं एक जण भोंगा बांधून त्यात तेच ओरडत होता, हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन. आबांनी ते प्रत्येक जत्रेत ऐकलेलं. ते ओळखायला नुसता ताल पुरे, कान कशाला लागतात? कपाळावर हात मारून घेतला. घरी येऊन माइकपुढं ससा म्हटलं, शेत म्हटलं, चटणी म्हटलं. आबा कसनुसं हसले. म्हणाले, "नुसतं घुमतंय बाबा. तुला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई."

मग डोकं चाललं. हजारपटीचं ओझं एकट्यावर टाकलं की सातशे एक्केचाळीस जाडा आवाज तेवढा पुढं नेतो आणि बारीक सोडून देतो. स, श, च सगळे गळतात, आणि शब्द तर त्यांच्यावरच उभे असतात. मी आणखी एक आयसी आणला आणि ओझं दोघांत वाटून दिलं. पाठ भरून आली होती, डोळे चुरचुरत होते.

आईपुढं माइक धरला. म्हटलं, "हॅलो म्हणू नको. यांना ठाऊक नाही असं काहीतरी बोल."

"काय बोलू?" ती म्हणाली. "दमले मी."

आबांनी हेडफोन कानावर दाबून धरला आणि तिच्याकडे बघत राहिले.

"आवाज कुटं गेला गं तुजा? असा कवापास्नं बसलाय?"

"तुमच्याच कानात गेला की समदा," आई पुटपुटली, माइककडे न बघता.

तेही त्यांना ऐकू आलं.